रेघेच्या वरचं पेट्रोल

१

पिस्टन बाहेर निघाला आणि मला शिसारी आली.

पिस्टनची नव्हे. तीस वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला, त्यामुळे जळालेले पिस्टन मी ढिगानं पाहिलेत. हाही तसलाच होता, अंगभर उभे चरे पडलेला. म्हणजे इंजिन ऑइलशिवाय पळालं होतं. शिसारी आली ती इलियासच्या गॅरेजमध्ये जमलेल्या माणसांची. सोळा वर्षांच्या पोरीचा हात मोडलाय आणि ही मंडळी चहाचे घोट घेत तिच्या चुकीवर माना डोलावत होती.

गाडी इलियासच्या मुलीनं, अलमासनं बनवली होती. दहावीत आहे. तेराव्या वर्षी तिनं आजीच्या बाजेला चार चाकं आणि कूलरची मोटर लावली होती. रहेमतबी त्या बाजेवर बसून दारापासून नळापर्यंत जायची आणि अख्खं नेकनूर गाव बघायला जमायचं. मग पायडलवर चालणारी पिठाची चाळण झाली, मग आणखी काय काय. आणि या वर्षी ही मिनी बाईक. इंजिन पाठीवरच्या फवारणी पंपाचं, चाकं हातगाडीची, सीट जुन्या मोपेडची, वरून रेड ऑक्साइडचा एक हात. गुडघ्याएवढी उंच, बुटकी आणि लालसर. अलमासनं तिचं नाव 'घूस' ठेवलं होतं.

शनिवारी बीडला विज्ञान प्रदर्शनात ती चालवून दाखवायची होती. पहिली फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीत इंजिन किंचाळलं आणि जाम झालं. गाडीला क्लच नव्हता, त्यामुळे चाकही जाम. पोरगी हँडलवरून पुढं फेकली गेली. डावं मनगट मोडलं. परीक्षकांनी टाकीला नाक लावलं आणि म्हणाले, "यात ऑइलच नाही." निकाल लागला. गाडी धोकादायक, पोरगी निष्काळजी.

"विसरली असेल बिचारी. लहान आहे," विज्ञानाचे विजयसिंह सर तिथंही म्हणाले होते म्हणे. आता गॅरेजमध्येही कप खाली ठेवत तेच म्हणाले. "शुक्रवारी मी दिवसभर बीडला बैठकीला होतो, नाहीतर हिच्याकडून पुन्हा तपासून घेतलं असतं."

इलियास हात पुसत उभा होता. हात पुसून झाले तरी पुसतच होता.

"मेकॅनिकच्या घरातली पोरगी आन् टू-स्ट्रोकला ऑइल टाकायला विसरती? मॅडम, गिऱ्हाईक काय म्हनंल मला? गुरुवारी भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. ही गाडी, ती बाज, सगळं देऊन टाकतो. आन् डिप्लोमाचं नावबी काढायचं न्हाई."

कोपऱ्यात अलमास बसली होती, हात गळ्यात बांधलेला. मला वाटलं रडेल, भांडेल. ती नुसती म्हणाली, "मीच विसरले आसन."

मला हे ऐकवेना. या पोरीला मी तिसरीपासून ओळखते. पान्याचा नंबर ती बोटानं चाचपून सांगते. तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वासच कुणीतरी काढून घेतला होता, आणि ते मनगटापेक्षा वाईट होतं.

त्यात माझाही एक वाटा होता. "प्रदर्शनापर्यंत, गुरुवारपासून गाडी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेव, तिथं सुरक्षित राहील," असा शहाणपणा मीच शिकवला होता.

सर गेले, माणसं पांगली. मी सीटखालचं पत्र्याचं झाकण उघडलं आणि टाकीकडं बघतच राहिले.

२

फवारणी पंपाची टाकी पांढऱ्या प्लॅस्टिकची असते, आतलं पेट्रोल बाहेरून दिसतं. या टाकीवर मधोमध गुलाबी नेलपॉलिशची एक आडवी रेघ होती.

"ही कशाची गं?"

"तिच्यावर भरायचं न्हाई," अलमास म्हणाली. "गाडी वळताना कलली की झाकनातून सांडतं. म्हनून मी अर्धा लिटरच टाकते. अर्ध्या लिटरला खोकल्याच्या औषदाची दोन टोपनं ऑइल."

टू-स्ट्रोक इंजिनला ऑइलची वेगळी सोय नसते, ते पेट्रोलमध्येच कालवून द्यावं लागतं. अलमासचं टोपण दहा मिलीचं. माप बरोबर होतं. त्या ऑइलचा रंग निळा, म्हणून कालवलेलं पेट्रोल निळसर दिसतं.

टाकीतलं पेट्रोल रेघेच्या चार बोटं वर होतं. आणि निळेपणाचा नुसता भास.

"इलियासभाई, इकडं या. दोन फेऱ्या मारून, पडून, सांडून अजून एवढं उरलंय. म्हणजे कुणीतरी टाकी गळ्यापर्यंत भरली होती. ही पोरगी रेघेच्या वर कधी जाते का?"

इलियासनं टाकीकडं पाहिलं, मग पोरीकडं. "घाईत भरली आसंल."

"घाईत माणूस कमी भरतं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "अलमास, नीट आठव. गुरुवारी तू टोपण ओतलंस का?"

तिनं डोळे मिटले. "पेट्रोल मोजलं. तेवड्यात नाथामामा आले, इंजिनावरून भांडायला लागले. मंग टोपन वतलं का न्हाई... मॅडम, खरंच ध्यानात न्हाई. आन् शनिवारी झाकन उगडून बघनार व्हते, तर नंबर पुकारला. सर म्हनले, मी चेक केलंय सगळं, पळ."

"आणखी काही? काहीही."

"टायर पुसला तवा हाताला लिंबाचा वास आला. मला वाटलं, शिपाईकाकांनी पुसला आसंल."

लिंबाकडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही, इतकी मी शहाणी. माझं डोकं एकाच गोष्टीवर अडकलं होतं. साध्या पेट्रोलनं टू-स्ट्रोक मरतं हे जाणणाऱ्यानंच ही टाकी भरली असणार. पाना नाही, हातोडी नाही, काही तोडफोड नाही. नुसतं पेट्रोल, आणि दोष पोरीच्या माथी.

हे जाणणारे दोन जण मला माहीत होते. त्यातला एक याच घरात जेवत होता.

३

आधी नाथाकडं गेले. शेतकरी माणूस, पंप वापरून वापरून हात पिवळे झालेले. बंद पडलेला पंप त्यानं इलियासकडं टाकून दिला होता. पोरीनं इंजिन जिवंत केल्यावर याला ते परत हवंसं वाटायला लागलं.

"मेलं का इंजिन? बरं झालं," तो ओट्यावरूनच म्हणाला.

"पोरीचा हात मोडलाय, नाथा."

"मंग पोरीच्या जातीनं गाड्या कावून उडवाव्या?"

पाणी विचारलं त्यानं. मी नाही घेतलं. असल्या माणसाच्या घरचं पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही.

"शुक्रवारी शाळेच्या फाटकाशी दिसलास म्हणे. कशाला गेला होतास?"

"इंजिन मागाया. फाटकाला कुलूप व्हतं." मग त्याला माझा रोख कळला आणि तो ताडकन उठला. "म्या सादं पेट्रोल टाकलं म्हनता का काय? मॅडम, डोकं हाय का? मला ते इंजिन चालू पायजे व्हतं. जाम झालेलं घेऊन म्या काय त्येचं लोनचं घालू?"

माणूस किळसवाणा, पण बोलणं खरं होतं. स्वतःला हवी असलेली वस्तू कुणी मारत नाही.

राहिला जावेद. इलियासचा पुतण्या, वय वीस, गॅरेजमध्येच कामाला. बीडच्या मैदानावर गाडी आपण चालवावी म्हणून यानं आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. तो पंक्चर काढत बसला होता. मी समोर स्टूल ओढलं.

"टाकीवरची रेघ तुला ठाऊक होती?"

"मीच बाटली आनून दिलती नेलपॉलिशची."

"साध्या पेट्रोलनं काय होतं ते ठाऊक आहे?"

त्यानं ट्यूब खाली टाकली. डोळे लाल झाले होते. "समदे माझ्याकडंच बघायलेत दोन दिस झाले. चाचाबी बोलना. लई वाटत व्हतं मला, आपन चालवावी. पाडावी आसं न्हवतं वाटलं. पन कोन आयकतंय?"

मी ऐकत होते, पण विश्वास ठेवत नव्हते. त्याला सगळं ठाऊक होतं, त्याच्या मनात सल होता, आणि पेट्रोलचा कॅन त्याच्याच हाताशी होता. आणखी काय पाहिजे?

"मंग गाडीच नीट बगा ना," तो ओरडला. "पिस्टन बगितला, टाकी बगितली. बाकीची गाडी कुनी बगितली?"

पस्तावले मी ते ऐकून. मुलांना तीस वर्षं हेच सांगत आले होते की आधी सगळी गाडी बघा.

४

पांढरं फडकं घेतलं आणि हँडलपासून सुरुवात केली. रेड ऑक्साइड वाळलेला होता, खरवडल्याशिवाय निघाला नसता. तरीही वेल्डिंगच्या खाचेतून फडकं फिरवलं तर ते गुलाबी झालं. दुसऱ्या खाचेत पिवळं.

नाकाशी नेलं. हळद आणि कुंकू.

गाडीचाच रंग लाल, म्हणून कुंकू कुणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं. पुसणाऱ्यालाही दिसलं नाही. इंजिनच्या पातळ पात्यांमध्ये तांदळाचे तीन दाणे अडकले होते. मग मी टायर फिरवला. पुढच्या टायरच्या नक्षीत एक चपटी, वाळलेली बी होती. लिंबाची.

"इलियासभाई, तुम्ही गाड्यांना हार घालता ना?"

"दसऱ्याला. गिऱ्हाइकांच्या गाड्या आसत्यात, त्येंच्या मनासाठी. पन दसरा होऊन तीन महिने झाले, मॅडम. तवा ही गाडी कुटं व्हती?"

रहेमतबी आतून हातानं भिंत धरत आली. "काय झालं, पंचशीलाबाई?"

"तुमच्या नातीच्या गाडीची कुणीतरी पूजा केलीय, बी. हळदकुंकू, अक्षता, चाकाखाली लिंबू. नवी गाडी घेतल्यावर करतात तशी."

"आमच्या गाडीची? कोनी?"

मी खाली बसले. मघापासून मी उलटी चालले होते. ज्याला गाडी मारायची असते तो तिला कुंकू लावत बसत नाही. जावेद सुटला, नाथाही सुटला. टाकी वैऱ्यानं भरलेली नव्हती. नवी गाडी दारात आली की आपल्याकडं आधी पंपावर नेऊन टाकी फुल करतात, मग ओवाळतात, मग पेढे. तशीच ही टाकी भरली होती, मोठ्या हौसेनं. ऑइलचं ज्याला काही ठाऊक नाही अशा माणसानं.

आणि पूजा माणूस कुणाच्या गाडीची करतो? स्वतःच्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना कचरूला गाठलं. शाळेतला शिपाई, आमच्याच वस्तीतला.

"जयभीम, कचरूभाऊ. शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. प्रयोगशाळेची चावी कुणाकडं होती?"

तो झाडू आवरायला लागला. "माझ्यापाशी न्हवती, ताई."

"मग?"

"सात वर्सं झाली मला इथं. आजून कायम केलं न्हाई. माझं नाव घेऊ नका."

"नाही घेणार."

त्यानं नुसती हनुवटी उचलली, प्रयोगशाळेच्या दारावरच्या पाटीकडं. पाटीवर एकच नाव होतं. शुक्रवारी दिवसभर आपण बीडला बैठकीला होतो असं सांगणाऱ्या माणसाचं.

५

विजयसिंह सर फळ्यावर इंजिनची आकृती काय सुरेख काढतात! रंगीत खडू, बाण, शोषण, संपीडन. आम्ही सगळे कौतुक करायचो, मीही करायची.

बुधवारी सर शाळेत असताना मी त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या बायकोनं, सरस्वतीबाईंनी उघडलं. भोळी, हसरी बाई. खोटं बोलायची गरज पडली नाही.

"म्हटलं, सरांची गाडी बघावी," एवढंच म्हणाले.

"आवं, शुक्रवारीच परत नेली की शाळेत, परदर्शनासाठी. तुमी आधी कावून न्हाई आलात?" त्यांनी मला बसवलं, मोबाईल काढला. "बगा, बगा. रातध्याड खपून केली ह्यांनी. शाळेतच करत व्हते, मला सुदिक पत्ता लागू दिला न्हाई."

व्हिडिओत सर 'घूस'वर बसलेले, गुडघे कानाशी. अंगणात दोन फेऱ्या. मग कॅमेऱ्याकडं बघून, "ही माझी स्वतःची निर्मिती." कुठल्याशा शिक्षक पुरस्काराला पाठवायला काढलेला. मग सरस्वतीबाई ताट घेऊन येतात, कुंकू लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. चेहऱ्यावर इतका आनंद की मला बघवेना.

"टाकी?" मी विचारलं.

"ती मीच भरून आनाया लावली. रिकाम्या टाकीची पूजा करू न्हाई. हे म्हनत व्हते, ऱ्हाऊ दे. म्या म्हनलं, फुल करा." मग त्यांचा चेहरा पडला. "पन काय नशीब बगा. येका पोरीला चालवाया दिली यांनी, भल्यापोटी, तर तिनं पाडली. हात मोडला म्हन बिचारीचा."

गाडी चोरली ती चोरली. टाकी अडाणीपणानं भरली, तेही सोडून देता आलं असतं, कारण माणूस चुकतो. पण मैदानावर परीक्षक "यात ऑइल नाही" म्हणाले, तेव्हा या माणसाला कळलं होतं की टाकी कुणी भरली. पोरगी धुळीत पडलेली, हात वेडावाकडा, आणि हा तिच्याजवळ उभा राहून म्हणाला, "विसरली असेल बिचारी." त्यानंतर आमच्यात बसून चहा पिऊन पुन्हा तेच म्हणाला.

मी सरस्वतीबाईंचा हात धरला आणि सगळं सांगितलं, पिस्टनपासून लिंबाच्या बीपर्यंत. व्हिडिओ हातात पुन्हा पुन्हा आपोआप सुरू होत होता.

"ती पोरगी काय म्हनती?" शेवटी त्यांनी विचारलं.

"म्हणते, मीच विसरले असेन."

त्या उठल्या आणि पदर खोचला. "टेम्पो कदी येनार हाय म्हनलात?"

६

गुरुवारी सकाळी दहाला सरस्वतीबाई गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. मागं विजयसिंह सर, इस्त्रीच्या शर्टात, मान खाली. घरात काय झालं मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची इच्छाही नाही.

इलियासनं खुर्ची पुढं केली, सवयीनं. सरस्वतीबाई बसल्या नाहीत.

"गाडीची पूजा मी केली, भाऊ. शुक्रवारी ह्यांनी ती घरी आनली, अंगनात फिरवली, तिच्यावरच पंपावर गेले. टाकी मी भराया लावली. मला सांगितलं व्हतं, गाडी ह्यांची हाय."

जावेदच्या हातातला पाना खाली पडला.

सरांनी घसा साफ केला. "हे पाहा, माझा हेतू वाईट नव्हता. उलट मी टाकी भरूनच दिली. शाळेचं नाव व्हावं म्हणून व्हिडिओ... शेवटी मार्गदर्शन माझंच होतं ना?"

इतका स्वच्छ शर्ट आणि आत हे. मी तोंड उघडणार होते, काय काय बोलायचं ते रात्रभर घोळवलं होतं. पण त्याआधी अलमास उठली. पाच दिवसांत पहिल्यांदा ती आपणहून उठली होती.

"मंग टाकी मी भरलेली न्हवती," ती हळूच म्हणाली. "सर, तुमी घरी गाडी चालवली, ती माज्या पेट्रोलवर. अंगनात, पंपापत्तूर. तवा जाम झाली का?"

"नाही."

"म्हंजी माज्या पेट्रोलात ऑइल व्हतं." ती वडिलांकडं वळली. "अब्बा, मी टोपन वतलं व्हतं. मी विसरले न्हवते."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पेट्रोल, कुंकू, लिंबू, सगळं शोधलं मी, आणि जे खरं सिद्ध करायचं होतं ते या पोरीनं दोन वाक्यांत केलं.

मग तिनं सरांना विचारलं, उद्धटपणे नाही, वर्गात विचारावं तसं. "सर, टू-स्ट्रोकला पेट्रोलात ऑइल कावून लागतं?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मदत केली नाही. ते चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिले. फळ्यावर बाण काढणारा माणूस हा.

"सांग त्येला," इलियास म्हणाला.

"पिस्टनला दुसरीकडून ऑइल मिळत न्हाई म्हनून," अलमास म्हणाली. "पेट्रोलासंगं आलं तरच."

सर वळले आणि निघून गेले. माफी मागितली नाही त्यांनी. मला तशी अपेक्षाही नव्हती. पण सरस्वतीबाई थांबल्या. "तो इडिओ ह्यांनी ज्येंना पाठवलाय, त्येंना मी फोन लावनार हाय," एवढं म्हणून त्या गाडीपाशी बसल्या आणि पदरानं वेल्डिंगची खाच पुसायला लागल्या.

अलमासनं त्यांचा हात धरला, उजव्या हातानं. "ऱ्हाऊ द्या, काकू. पूजा गाडीची केली ना तुमी? मंग गाडीचीच हाय ती."

बाहेर हॉर्न वाजला. भंगारवाल्याचा टेम्पो. इलियास दारापर्यंत गेला, काहीतरी म्हणाला आणि टेम्पो तसाच पुढं निघून गेला. परत येऊन त्यानं चरे पडलेला पिस्टन उचलला, बोटानं चाचपला. पोरीला उराशी धरील असं मला वाटलं, पण तो तसला माणूस नाही. त्यानं स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसला आणि गॅरेजला आलेल्या दुसऱ्या मिस्त्रीला विचारावं तसं विचारलं,

"सिलेंडर बोअर करून घ्यायचं का नवा ब्लॉक टाकायचा?"

अलमासनं पिस्टन त्याच्या हातातून घेतला आणि उजेडात धरला.

"आधी ब्लॉक बगू द्या," ती म्हणाली. "आन् ह्या बारीला क्लच लावायचा."